दोन चिन्हांमधलं नाव

“काकू, ‘ह्ये’ म्हणजे कोण?”

उत्कर्षाने पडद्यावर बोट ठेवले. शालूबाईंनी एकेक कळ शोधत लिहिलेली ओळ तिथे होती: नाव = "ह्ये". संगणकाने खाली उत्तर छापले होते: ह्ये.

“ह्ये म्हंजे ह्ये. आमचे.”

“मला कळलं. त्याला कसं कळणार?”

शालूबाई हसल्या आणि हात मांडीवर घेऊन बसल्या.

साताऱ्यातल्या गोडोलीत, एका औषधाच्या दुकानावर उत्कर्षाचा क्लास होता. संध्याकाळी कॉलेजची मुले येत. दुपारी खोली रिकामी असे, तेव्हा शालूबाई येत. घरी नवरा, जोतीराम, झोपलेले असत आणि शेजारच्या तानुबाई त्यांच्याजवळ थांबत. पहिल्या दिवशी उत्कर्षाने विचारले होते की टायपिंग शिकायचे आहे का, सर्टिफिकेट हवे आहे का. शालूबाईंना दोन्ही नको होते. विचारले की उत्तर देणारे काहीतरी त्यांना स्वतः करायचे होते.

जोतीराम मूळचे कुंडलचे, सैन्याच्या सिग्नलमध्ये, तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या टेलिप्रिंटरवर कामाला होते. सुट्टीवर आले की बायकोला सांगत, समोरचे मशिन कोणते हे विचारायची एक कळ असते. ती दाबली की शेकडो मैलांवरचे मशिन आपले नाव छापून पाठवते. आणि मग चिडवत, “तुझ्यापरीस माझं मशिन बरं. इचारलं की नाव तरी सांगतंय.” कारण शालूबाईंनी नवऱ्याचे नाव लग्नात उखाण्यात घेतले, मुलाच्या बारशाला घेतले, आणि मग घेतलेच नाही. तशी गरज कधी पडली नव्हती.

अलीकडे जोतीराम विसरू लागले होते. आधी रस्ते विसरले, मग नातवंडे. दिवाळीनंतर एकदा दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने त्यांना नाव विचारले. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिले आणि बायकोकडे वळले. शालूबाईंनी सवयीने पिशवीतून कार्ड काढून पुढे केले. जोतीराम हलक्या आवाजात म्हणाले, “तुलाबी ठावं न्हाई व्हय?”

त्या दिवशी घरी आल्यावर शालूबाईंनी मोरीत नळ सोडला आणि नाव उच्चारून पाहिले. ओठ हलले, आवाज निघाला नाही. मग त्यांनी दारावर जोतीरामांच्या नावाची पाटी लावली. जोतीराम फिरून आले, पाटी वाचली आणि बाहेरच उभे राहिले. हे कोणा साहेबांचे घर आहे, परवानगीशिवाय आत कसे जायचे, असे त्यांचे म्हणणे होते. पाटी उतरली. तेव्हा शालूबाईंना ती कळ आठवली.

उत्कर्षाने खुर्ची जवळ ओढली. “डब्याचं सांगितलं होतं बघा. ‘नाव’ हा डबा. आत काय ठेवायचं ते आपण ठरवायचं.”

“त्ये कळलं गं. आमच्या बिस्किटाच्या डब्यात मव्हरी असती.”

“मग आता खरी मोहरी घाला.”

शालूबाईंनी ‘ह्ये’ पुसले. त्याच्या अलीकडची-पलीकडची अवतरणचिन्हेही पुसली गेली. मग त्यांनी अक्षरे शोधायला सुरुवात केली. ज, ओकार, त. दीर्घ ईकार सापडेना, तेव्हा उत्कर्षाने दाखवला. ओळ पुरी झाली आणि त्यांनी पदर सावरून शेवटची कळ दाबली. खाली लाल अक्षरे आली.

“काय म्हनतंय?”

“जोतीराम हे नाव मला माहीत नाही, म्हणतोय.”

शालूबाई पडद्याकडे बघत राहिल्या. “ह्यालाबी ठावं न्हाई,” त्या म्हणाल्या.

उत्कर्षाला त्यांचा चेहरा दिसला. ती घाईने म्हणाली, “तुमचं चुकलं नाही, काकू. फक्त ती दोन चिन्हं राहिली. नाव उघडं लिहिलं की हा विचारतो, कोण हा? चिन्हांच्या मधे घातलं की काही विचारत नाही. जसंच्या तसं छापतो.”

शालूबाईंनी थोडा विचार केला.

“म्हंजे उखान्यागत. मधी घेतलं की चालतंय.”

“अगदी तसंच.”

त्यांनी दोन्ही चिन्हे घातली. पडद्यावर उमटले: जोतीराम. पुढच्या आठवड्यात उत्कर्षाने त्यांना तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी ओळ शिकवली. कितीही वेळा कळ दाबा, उत्तर तेच. “कट्टाळा येत न्हाई ह्याला?” शालूबाईंनी विचारले आणि येत नाही हे ऐकून समाधानाने मान हलवली.

मुलगा शिवतेज पुण्याला असतो. त्याने आपला जुना लॅपटॉप पाठवला; शालूबाईंनी त्याच ओळी त्यात उतरवल्या. एका सकाळी शालूबाईंनी तो ओट्यालगतच्या टेबलावर ठेवला आणि जोतीरामांना समोर बसवले. त्यांची बोटे कळांवर आपापल्या जागी जाऊन बसली. पाठ सरळ झाली.

“ही कळ दाबा. तुमचं मशिन म्हना.”

त्यांनी दाबली. पडद्यावर नाव आले. त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचले. पुन्हा दाबली, पुन्हा वाचले. काम चोख झाल्यासारखी मान डोलावली.

“जोतीराम. लाइन चांगली हाय,” ते म्हणाले. “ह्ये पलीकडच्या मशिनचं नाव झालं. आमचं काय?”

शालूबाईंच्या हातात मेथीची जुडी होती. कळ दाबली की पलीकडचे मशिन आपलेच नाव सांगते, हे जोतीरामांनीच त्यांना शिकवले होते. चूक काढायला जागा नव्हती. लाल अक्षरेही आली नव्हती.

त्यांनी जुडी खाली ठेवली.

“जोतीराम,” त्या म्हणाल्या. आवाज बसका निघाला. त्यांनी घसा साफ केला. “तुमी जोतीराम.”

जोतीराम त्यांच्या ओठांकडे बघत होते.

“व्हय?”

“व्हय.”

“मग मगाधरनं का सांगत न्हाईस?”

शालूबाईंनी जुडी पुन्हा उचलली. त्या मेथी निवडू लागल्या. थोड्या वेळाने मागून कळ दाबल्याचा आवाज आला. पडद्यावर नावाची आणखी एक ओळ उमटली. जोतीराम पडद्याकडे बघत नव्हते. कळेवर बोट ठेवून त्यांनी तोंड बायकोकडे वळवले होते आणि ते वाट बघत होते.

“जोतीराम,” देठ बाजूला टाकत शालूबाई म्हणाल्या.

कळ पुन्हा वाजली.

“जोतीराम.”