दोनशेची पसंती

"तुझ्या भावाचे हात संथ झालेत," साहेब भर ऑफिसात म्हणाले, आणि धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दादा जन्मापासून बहिरा. याच संस्थेत बसून व्हिडिओवर तो लांबच्या बहिऱ्या मुलांना खुणांची भाषा शिकवायचा. नेटवर्क सांभाळायची त्याची ही धाकटी बहीण. हल्ली पालक कुरकुरत होते, मास्तरांच्या खुणा अर्धवट दिसतात म्हणून. अहो, आवाज तुटला तर कान सांभाळून घेतो. हात मध्येच गोठला तर शब्दच बदलतो! आजचाही तास बिघडला तर दादाला घरी बसवणार होते. आणि तो वेडा रोज आरशासमोर हात चालवून बघायचा.

दोष हातांचा नव्हताच मुळी. बाहेर जायला दोन लाइनी होत्या. एक सरळ मुलांकडे जाणारी. दुसरी साहेबांच्या मित्राच्या कंपनीची, समुद्रापार वळसा घालून येणारी. कुठली लाइन धरायची ते ठरवणारा राउटर आधी प्रत्येक लाइनीला दिलेला पसंतीचा आकडा बघतो. मोठा आकडा दिसला की पुढचं काही विचारत नाही. आकडे सारखे असले, तरच वाटेत किती नेटवर्कं लागतात ते मोजतो आणि कमीवाली वाट धरतो. साहेबांनी मित्राला दिले होते दोनशे, सरळ लाइनीला शंभर. धाकटीनं मित्राच्या कंपनीचं नाव त्या वाटेत पुन्हा पुन्हा लिहून ती आणखी लांब दाखवून पाहिली. राउटर ढिम्म! आणि आकड्याला हात लावायचा नाही, ही साहेबांची सक्त ताकीद.

"हात संथ नाहीत, तुमचा मित्र लांब आहे," धाकटी म्हणाली. तिनं त्यांच्या नाकावर टिच्चून दोनशेचे शंभर केले. आकडे सारखे झाले आणि राउटरनं सरळ वाट धरली.

काचेपलीकडे दादाचा तास चालू होता. पडद्यावरची मुलगी एकदम हसली आणि तिनं त्याची खूण जशीच्या तशी करून दाखवली. मग दुसरी, मग तिसरी.

"आधी होतं तसं कर! नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!" साहेब गरजले.

"तुम्हीच करा की." तिनं लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.

साहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या इंजिनियरकडे पाहिलं. "माझा चष्मा घरी राहिलाय, साहेब," तो म्हणाला. चष्मा त्याच्या नाकावरच होता.

तास संपवून दादा बाहेर आला. साहेबांच्या ओठांवरून त्यानं काचेआडून सगळं वाचलं होतं. तो थेट त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्याचे हात सपासप चालू लागले. मध्येच थांबून त्यानं बहिणीला खुणावलं, मोठ्यानं सांग, एक शब्द गाळू नकोस.

धाकटी अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशी बोलली, "दादा म्हणतोय, तुमचं ऐकून मी माझ्याच हातांवर संशय घेतला. आता सगळ्यांसमोर माझ्या हातांची माफी मागा. आणि सावकाश बोला, मला ओठ वाचायचेत."