सात नंबरचं बाकडं

नगरपालिकेतल्या बाईंचा संशय एकदा जागा झाला की त्याला झोपवणं कुणाच्या बापाच्या हातात नव्हतं. या वेळी पाळी मापवाल्याची होती.

शहरातली लोखंडी बाकडी उन्हात अशी तापत, की बसणारा टुणकन उठे. त्यांतल्या सगळ्यात तापणाऱ्या चार बाकड्यांना छप्पर मिळणार होतं. मापवाल्याने रोज दुपारी दोनला तापमापक लावून आकडे लिहायचे आणि यादी बाईंच्या सहीने वर जायची. आता दवाखान्यासमोरचं सात नंबर घ्या. डोक्यावर झाडाचं पानसुद्धा नाही, आणि वहीत रोज तेहेतीस! पलीकडच्या आठ नंबरला एकसष्ट. त्यात आठ नंबरसमोर मापवाल्याच्या मेव्हण्याचं सायकलींचं दुकान. बाईंनी दोन आणि दोन चार केले.

"आकडे घरी बसून लिहिता का हो?"

"बाई, पायांचे तुकडे पडतात फिरून. दिसतं तेच लिहितो."

"बघतेच."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मोजणीच्या शेवटच्या दिवशी, बाई न सांगता औषधांच्या दुकानाच्या आडोशाला उभ्या राहिल्या. दोनला पाच कमी असताना एक म्हातारे गृहस्थ बादली घेऊन आले. सात नंबरवर पाणी ओतलं, रुमालाने कोरडं केलं आणि दवाखान्यात गेले. मग मापवाला आला. त्याने तापमापक लावला आणि तेहेतीस लिहिलं. बाईंचं तोंड उतरलं.

इतक्यात आजोबा बायकोला धरून बाहेर आले. तिला अलगद बसवलं.

"पाणी रोज ओतता?" बाईंनी पुढे होऊन विचारलं.

"रोज. इथे उपचाराच्या मशीनवरून उठली की हिच्या पायांत त्राण नसतं. गाडी येईपर्यंत कुठे टेकणार?"

"अहो, त्या पाण्यामुळे या बाकड्याचं छप्पर जातंय," बाईंनी यादीचं सगळं सांगितलं.

आजोबा म्हणाले, "म्हणजे हिला भाजू द्यायला हवं होतं?"

बाईंनी मापवाल्याच्या हातातून वही ओढली, सात नंबरपुढचे सगळे तेहेतीस खोडले आणि त्या जागी बासष्ट लिहिलं.

"करा वहीत सही."

"खोट्या आकड्याखाली?" मापवाला म्हणाला. "काल मला काय काय बोललात."

"बोलले. चुकलं माझं. पण विचारणारे यादीवरच्या सहीला विचारतील, ती माझी आहे."

मापवाल्याने बाकड्यावर डोळे मिटून बसलेल्या आजींकडे पाहिलं आणि पेन मागितलं.