बंद पाकिटातली पक्कड

माझ्या ताईने दातांच्या दवाखान्यातली नोकरी बाराव्या दिवशी सोडली.

दवाखाना दिसायला एकदम झकास. जाड पेनासारखा स्कॅनर तोंडात फिरवला की समोरच्या पडद्यावर अख्खी बत्तिशी गरगर फिरायची. पेशंट तोंड मिटायचंच विसरायचे. डॉक्टरबाईंचं बोलणं मधाळ, कोट कडक इस्त्रीचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ताईचे दात फुकटात साफ करून दिले होते.

बाराव्या दिवशी अवजारं धुणाऱ्या मावशी आल्या नाहीत, म्हणून ताई पहिल्यांदाच मागच्या खोलीत गेली. दार उघडताच नासक्या अंड्यासारखा वास नाकात शिरला. मोरीत प्लास्टिकचा टब होता. पाणी गढूळ, वर बुळबुळीत तवंग, आणि त्यात आदल्या दिवशीची अवजारं. तिने दाढ काढायची पक्कड उचलली. पकडीच्या सांध्यात काळं पडलेलं रक्त आणि हिरडीचा पांढुरका तुकडा चिकटला होता.

वाफेने जंतू मारायचं यंत्र कोपऱ्यात होतं. त्याच्या आत मावशींची चहाची पुडी आणि एक ओलं फडकं. तेवढ्यात डॉक्टरबाई दारात आल्या.

"मॅडम, यंत्र बंद आहे?"

"अगं, बाहेरचा त्याचा प्लग स्कॅनरला लागतो ना, म्हणून ते इथं ठेवलंय. अवजारं स्पिरिटने पुसायची, पाकिटात घालून सील करायची. पेशंटसमोर पाकीट फाडलं की झालं."

"पण पाकिटावरची खूण वाफेने काळी व्हायला हवी. या सील केलेल्या पाकिटांवर तर ती गुलाबीच आहे."

"पेशंटला काय कळतंय त्यातलं! चल, गुरुजी खुर्चीत बसलेत."

ताईची जीभ नकळत स्वतःच्या दातांवरून फिरली. माझ्याही तोंडात हेच घातलं असणार!

बाहेर निवृत्त गुरुजी पडद्यावरचे आपलेच दात कौतुकाने बघत होते. ताई पक्कड घेऊनच त्यांच्यापुढे उभी राहिली.

"गुरुजी, तोंड मिटा आणि उठा."

त्यांनी चष्मा सारखा करून पक्कड जवळून पाहिली. "मागच्या महिन्यात माझी दाढ काढली, ती याच पकडीने?"

गुरुजी शेजारच्या बेसिनवर वाकले आणि भडाभडा ओकले.

"वाटोळं केलंस माझं!" डॉक्टरबाई ताईवर ओरडल्या.

त्याच दुपारी ताई आणि गुरुजी आरोग्य खात्यात गेले. दवाखान्याला दोन महिने टाळं लागलं. दोघांनी रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट चांगले आले, पण तोवर ताईला घास गिळवत नव्हता. ब्रश तोंडात घातला की उमासे यायचे.

आता दवाखाना पुन्हा सुरू झालाय. वाफेचं यंत्र दर्शनी भागात काचेमागे ठेवलंय, सारखं चालू असतं म्हणे. परवा डॉक्टरबाईंचा फोन आला.

"झालं गेलं विसर. परत ये, सगळं नवीन केलंय."

"चांगलं केलंत मॅडम," ताई म्हणाली, "पण तुमचा आवाज ऐकूनसुद्धा मला ओकारी येते हो."

आणि तिने फोन ठेवला.