परवान्याची पहिली ओळ

कापड वाया न घालवता कपडे बेतून देणारा प्रोग्राम वहिनीने लिहिला आणि ‘घ्या, हवं ते करा, फक्त माझं नाव राहू द्या’ अशा परवान्यावर सगळ्यांना मोकळा दिला. धाकट्या दिराने नेमकं तेवढं नाव पुसलं आणि प्रोग्राम स्वतःचा म्हणून शिवणकारखान्यांना विकला. वहिनीने राग गिळला, पण पचवला नाही.

दुसऱ्या आवृत्तीचा परवाना तिने सुईत दोरा ओवावा तसा सावकाश निवडला: यावर काही रचून विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला आपलाही सगळा कोड उघडून द्यावा.

“भाऊजी, परवाना तेवढा वाचा हं.”

“घरच्या माणसाला कसला परवाना, वहिनी?”

दिराने नवी आवृत्तीही आपल्या मालात घालून साऱ्या गिऱ्हाईक कारखान्यांत पोचवली, तोवर ती थांबली. मग वकिलाची नोटीस गेली: कोड उघडा, नाहीतर विक्री बंद. दीर धापा टाकत आला.

“उघडला तर आतलं जुनं काम तुमचं आहे, हे सगळ्यांना कळेल. आधी सांगायचं ना.”

“सांगितलं होतं.” तिने छापलेला परवाना पुढे सरकवला. “बसा. आता मोठ्याने वाचा, पहिल्या ओळीपासून, माझं नाव आहे तिथून. मला कुठेही जायचं नाहीये.”