दोन विड्यांची वाट

हारूनचाचा अंतर विड्यांत मोजत. कुवेतमधल्या शर्कच्या मासळी बाजारापासून ते ज्या गोदामावर राखण करत तिथपर्यंत अर्धी विडी. गोदामापासून हवल्लीला फखरुन्निसाच्या घरापर्यंत बारा-तेरा, म्हणून ते बसने येत. आणि बँकॉकच्या गोदीच्या दरवाजापासून महबूबच्या कबरीपर्यंत दोन.

महबूब म्हणजे फखरुन्निसाचे सासरे. तिने त्यांना पाहिलं नव्हतं. मालवाहू जहाजाच्या भट्टीवर ते कोळसा टाकायचे. एकोणपन्नास साली बँकॉकला तापाने गेले. सोबत्यांनी तिथेच मातीला लावलं आणि जहाज त्याच संध्याकाळी निघालं. दाभोळला बातमी आणि पेटी घेऊन आले ते त्याच भट्टीवरचे हारून. रबियाने, म्हणजे फखरुन्निसाच्या सासूने, ती बातमी बारा वर्षं जशीच्या तशी सांभाळली.

गेल्या वर्षी फखरुन्निसाच्या नवऱ्याने, यूसुफने, आईला कुवेतला आणलं. इथे एका लग्नाच्या जेवणावळीत कमाल नावाचा दुकानदार, तोही कधीकाळी खलाशी, सहज बोलून गेला, "त्या काळात कोण कुणाला जमिनीवर नेत होतं? गोणपाटात शिवायचं, पायाला लोखंड बांधायचं आणि सोडायचं. घरी मात्र सांगायचं, मातीला लावला."

 त्या दिवसापासून रबियाने हारूनचाचांशी बोलणं टाकलं. दर शुक्रवारी ते जेवायला येत. ती ताट वाढे आणि आत निघून जाई. चाचांना कारण माहीत होतं. त्यांनी एकदाही बाजू मांडली नाही.

त्यात बासष्टच्या नोव्हेंबरात फखरुन्निसाला बँकॉकला जायची संधी आली. ती समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करी. पाण्यातल्या जंतूंच्या तपासणीचा तीन आठवड्यांचा वर्ग तिथे भरणार होता आणि तिच्या साहेबाने तिचं नाव कळवलं होतं. मुंबई आणि कुवेत सोडून तिने दुनिया पाहिली नव्हती. यूसुफला रजा नव्हती.

"एकटी जाशील?" त्याने विचारलं.

"विमानात शंभर माणसं असतात. एकटी कशी?"

यूसुफने हात जोडले. "तुझ्याशी हिशेबात बोलू नये."

त्या रात्री पोळ्या लाटता लाटता रबिया म्हणाली, "फखरू, तू त्या कारखान्यात पाणी बघून सांगतेस ना, तसं सांग. कबर असेल तर हाय म्हण, नसेल तर नाय म्हण. मला गोड बोलून गुंडाळू नको."

"नाही गुंडाळणार, अम्मा."

"समुद्रात असला तरी चालेल. पण मला कळू दे, फातेहा पढताना तोंड कुठे करायचं."

पुढच्या शुक्रवारी जेवणं झाल्यावर फखरुन्निसाने वही उघडली आणि चाचांना समोर बसवलं. चाचा डोळे मिटून सांगू लागले. गोदीच्या दरवाजातून बाहेर पडायचं, पाठ नदीला. लगेच ट्रामचे रूळ लागतात, रस्त्याच्या कडेने. उजव्या हाताला वळून रुळांच्या कडेने दोन विड्या. मग पाण्यावरचा पूल. पूल उतरला की गल्ली, गल्लीत हिरव्या दाराची मशीद, मागे कबरस्तान. चिंचेखाली, भिंतीपासून तिसरी.

"विडी म्हणजे किती, चाचा?"

"विडी म्हणजे विडी. पेटवली की संपेपर्यंत."

"चला मग खाली. एक ओढून दाखवा."

हवल्लीच्या त्या गल्लीत दुपारी चाचा विडी ओढत चालले आणि फखरुन्निसा हातात घड्याळ धरून त्यांच्या मागे पावलं मोजत चालली. गच्चीवरून यूसुफ ओरडला, "चाचा, हळू ओढा! सरकारी तपासणी आहे!"

साडेसहा मिनिटं. तिची सहाशे सत्तर पावलं.

"तेव्हा तुमचं वय काय होतं?" वर घरात आल्यावर तिने विचारलं.

"चाळीस धर."

"गुडघे?"

"गुडघे घोड्याचे होते. आणि घाई होती, जहाज सुटायचं होतं. ही वाट मी येताना मोजली, पोरी. जाताना खांद्यावर महबूब होता, तेव्हा विडी कुठली?"

तिने वहीत लिहिलं: पंधराशे ते सतराशे पावलं. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

बँकॉकच्या पहिल्या संध्याकाळी तिने खोलीतली बादली, जग, दोन्ही पेले भरून ठेवले आणि बेसिनला बूच लावून तेही भरलं. हवल्लीत टँकर यायला एक दिवस उशीर झाला की गच्चीवरची टाकी ठणठणीत होई, त्याची ही सवय. सकाळी झाडणारी बाई हसत सगळं ओतून टाकी आणि संध्याकाळी फखरुन्निसा पुन्हा भरी. खिडकीखालून कालवा वाहत होता, त्यात होड्या, होड्यांत भाजी. इतकं पाणी आणि पिण्याजोगं थेंबभर नाही, हे तिने तिसऱ्या दिवशी स्वतःच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. वर्गात बावीस जण होते, त्यांत बायका तीन. नमुना घेण्याआधी जंतू मरावेत म्हणून नळाचं तोंड जाळून घ्यायची तिची पद्धत शिकवणाऱ्याने सगळ्यांना दाखवली. शहराशी तिचं जमलं. टॅक्सीवाल्याशी बोटांनी भाव करणं, लाल मिरचीचा भात परत करणं, पोर्क आहे का हे चित्र काढून विचारणं, सगळं आठवड्यात येऊ लागलं.

पहिल्या रविवारी ती गोदीवर गेली. दरवाजापाशी उतरली, नदीकडे पाठ केली.

रूळ नव्हते.

समोर रुंद सिमेंटचा रस्ता, पलीकडे गोदामं. कडेने नसतील तर पुढे असतील, म्हणून ती उजवीकडे वळून चालू लागली. अकराशे पावलांवर कुंपण आलं, कुंपणापलीकडे दलदल. ती परत आली आणि डावीकडे सतराशे मोजली. लाकडी खोपटी, बदकं, एक बंद पिठाची गिरणी. पूल नाही, मशीद नाही. साडीचा काठ चिखलाने जड झाला होता. ती पुन्हा दरवाजाशी येऊन उभी राहिली.

आता सरळ उत्तर एकच होतं आणि ते कमालने दिलेलं होतं. ते उत्तर घेऊन रबियासमोर उभं राहायचं, आणि मग शुक्रवारी दार वाजलं की काय, हेही तिच्या मनात येऊन गेलं. पण तिने वही उघडली नाही. आकडा जुळला नाही तर आधी काट्याचं शून्य तपासायचं, मग माणसाला खोटं ठरवायचं, ही शिस्त तिच्या हाताला लागलेली होती. मग इथलं शून्य कोणतं? दरवाजा.

तिने दरवाजाकडे नीट पाहिलं. सिमेंट स्वच्छ होतं. आतल्या, माल उचलणाऱ्या यारींचा रंग अजून उडालेला नव्हता. चौकीत चष्मा लावलेला एक कारकून बसला होता. तिने त्याला इंग्रजीत विचारलं, "ही गोदी किती वर्षांची?"

"आठ-दहा," तो म्हणाला. "नदीच्या मुखाचा गाळ काढला, मग इथे जहाजं येऊ लागली. त्याआधी मोठी जहाजं बाहेर समुद्रातच थांबत. लहान असत ती वर शहरात जात, कंपन्यांच्या धक्क्यांना."

"त्या धक्क्यांजवळ ट्राम होती?"

"न्यू रोडला? हो, होती ना."

फखरुन्निसा मोठ्याने हसली. कारकुनाने चष्मा वर केला. जन्मभर बंदरं पाहिलेल्या चाचांना, जहाजासारखा दरवाजाही हलतो हे सुचलंच नव्हतं. आणि तिलाही नाही. एकोणपन्नास साल वहीत पहिल्याच ओळीत होतं.

धक्के मात्र अनेक होते आणि चाचांचा कोणता हे कुणी सांगू शकलं नसतं. म्हणून दुसऱ्या रविवारी तिने गणित उलट्या टोकाने धरलं. न्यू रोडच्या कडेने रूळ धरून ती दक्षिणेकडे निघाली आणि पूल शोधू लागली. पहिल्या पुलापलीकडे चिनी औषधांची दुकानंच होती. दुसऱ्या पुलापलीकडे गल्ली होती, गल्लीत मशीद, दार हिरवं. ती दाराशी थांबली, पण आत गेली नाही. मागे फिरली आणि पावलं मोजत रुळांच्या कडेने परत निघाली. सोळाशे वीस पावलांवर डाव्या हाताला, नदीच्या बाजूला, गंजलेला लोखंडी दरवाजा होता. त्यामागे जुना धक्का आणि त्यावर वाळत घातलेले कपडे.

तिने आकडा लिहिला. मग पुन्हा पुलाकडे गेली आणि मशिदीचं दार वाजवलं.

राखणदाराचं नाव झहूर. त्याचे आजोबा सुरतेहून आलेले, त्यामुळे त्याला मोडकीतोडकी हिंदुस्तानी येत होती. तिचं म्हणणं त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "औरत कबरस्तान में नहीं जाती, बहन. मैं देख के आता."

"आमच्याकडेही असंच म्हणतात," ती म्हणाली. "जा तुम्ही. चिंचेखाली, भिंतीपासून तिसरी. काही लिहिलेलं असेल तर वाचून या."

झहूर गेला आणि थोड्या वेळाने डोकं खाजवत परत आला.

"लिखा तो है. लेकिन अरबी नहीं, थाई नहीं, अंग्रेजी भी नहीं. मालूम नहीं क्या है." त्याने गल्लीत इकडेतिकडे पाहिलं. "आओ. जल्दी आओ."

चिंचेखालच्या इतर कबरींना लाकडी खुंट होते. तिसरीच्या उशाला लोखंडाची पट्टी रोवलेली होती, हातभर लांब, जाड, एका बाजूने जळून खरखरीत झालेली. तिच्यावर छिन्नीने ठोकून अक्षरं काढली होती. वाकडी, पण खोल. तिने गंजावरून रुमाल फिरवला. महबूब. दाभोळ. सन ४९.

मराठी शाळेत दुसरी-तिसरीपर्यंत गेलेल्या कुणाच्या तरी हातची अक्षरं होती ती. चाचांनी या पट्टीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. न सांगितलेली गोष्ट सापडली म्हणजे पुरावा दुप्पट, असं तिच्या मनात आलं. तिने डोक्यावरून पदर घेतला, फातेहा पढली. पिशवीत गाळणकागदांचं पाकीट होतं. एक कागद पट्टीवर धरून तिने त्यावरून पेन्सिल घासली. अक्षरं पांढरी उमटली.

झहूर शेजारी उभा राहून बघत होता. "घरवाला?"

"सासरे," ती म्हणाली. "आणि तिकडे त्यांची बायको वाट बघतेय."

ती कुवेतला पोचली तो मंगळवार होता. रबिया ओट्याशी मासे साफ करत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"हाय?"

"हाय, अम्मा."

 रबियाने राहिलेला मासा पुरा केला, हात धुतले आणि खाली बसली. फखरुन्निसाने क्रमाने सगळं सांगितलं, चुकलेला दरवाजासुद्धा. कागद पुढे ठेवला. रबियाला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "यात महबूब कोणतं?" फखरुन्निसाने दाखवलं. रबियाने बराच वेळ पाहिलं.

"सावली हाय?"

"चिंच मोठी आहे. दुपारी पूर्ण सावली."

"यूसुफ," रबियाने हाक मारली, "शर्कला जा आणि हारूनभायला घेऊन ये. शुक्रवारपर्यंत कोण थांबतो!"

चाचा आले ते घाबरेघुबरे, राखणीच्या खाकी कपड्यांतच. खुर्चीच्या टोकावर टेकले. रबिया समोर बसली.

"पट्टी कुठली?"

चाचांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा फखरुन्निसाकडे. "भट्टीची जाळी असते ना, भाभी, कोळसा ठेवायची. त्यातली."

"जहाजाची?"

"जहाजाची."

"विचारून घेतली?"

चाचा खाकी बाहीचं बटण चाचपू लागले.

"म्हणून सांगितलं नाय होय?"

"साहेबाला कळलं असतं तर खलाशाचं नोकरीचं पुस्तक जप्त झालं असतं. मग इतकी वर्षं न बोलायची सवयच झाली."

"वर्षभर मी तुला लबाड समजले," रबिया म्हणाली. "लबाड नाय निघालास, चोर निघालास."

"होय, भाभी."

"आणि जहाज चाललं त्या पट्टीशिवाय?"

"चाललं. सिंगापूरपर्यंत त्या भट्टीतून जळता कोळसा गळत होता. साहेब रोज शिव्या द्यायचा."

"कुणाला?"

"मला. पाळी माझी होती."

रबियाच्या तोंडातून हसू फुटलं. तिने तोंडाला पदर लावला आणि खांदे हलत राहिले. यूसुफला कळेना, आई हसते आहे की रडते आहे. मग तिने डोळे पुसले आणि सरसावून बसली.

"आता पहिल्यापासून सांग. खांदा कुणी कुणी दिला? एकेकाचं नाव सांग."

चाचा खुर्चीवरून खाली उतरून तिच्यासमोर सतरंजीवर बसले आणि बोटं मोजू लागले. "पुढे उजवीकडे मी. डावीकडे मुरुडचा अशरफ. त्याच्या मागे..."