बांगड्याच्या कल्ल्यातला किडा

देवपुरातल्या शिल्पा मॅडम दर रविवारी पांझरेचा पूल ओलांडून मासळी बाजारात जायच्या आणि भिकुबाईकडे, संशोधनासाठी म्हणून, चक्क किडा असलेला बांगडा मागायच्या. कल्ल्यात चिकटलेला तो चपटा, पांढुरका जीव दिसला की बाकीची गिऱ्हाइकं नाक मुरडायची, म्हणून भिकुबाई बांगडे साफ करूनच मांडायची. मॅडमपुरती मात्र ती बर्फाची पेटी उघडायची.

मग दोघी एकेक कल्ला उचकटून पाहत बसायच्या.

"अक्का, हा समुद्रातच माशाच्या कल्ल्यात शिरतो," मॅडम सांगायच्या. "त्याचंच रक्त पिऊन जन्म काढतो. आधी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. मग दुसरा नर येईपर्यंत एकटाच."

"आनि कोनी उनाच नही ते?"

"कुणी आलंच नाही, तर राहतो तसाच."

खरं सांगायचं तर मॅडम कॉलेजातून कधीच निवृत्त झाल्या होत्या, संशोधनही गुंडाळलं होतं. आणलेले किडे त्या घरी येऊन सरळ फेकून द्यायच्या. आई गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं, आणि नुसत्या गप्पांसाठी येते म्हणायची लाज वाटायची. शिकलेल्या बाईला एकटेपणालाही विषय लागतो, दुसरं काय!

वैशाखात बाजारातच त्यांना उन्हाने भोवळ आली. भिकुबाईने पाणी पाजून जावयाच्या रिक्षाने घरी धाडलं. पुढच्या रविवारी मॅडम पिशवी घेऊन निघणार, तोच ती स्वतः दारात हजर. हातात किड्यांनी भरलेली बरणी.

"बठ्ठा येचीसन आन्यात," ती कौतुकाने म्हणाली. "आते तुमले उनमा येवानं काम नही. मना जावई दर ऐतवारले बरनी आनी देई."

मॅडमनी बरणी बाजूला ठेवली. "बसा ना अक्का, चहा टाकते."

"दुकान उघडं शे," म्हणत भिकुबाई जिना उतरलीसुद्धा.

मॅडम गॅलरीत धावल्या. "अक्का! मला हे नकोत!"

समोरच्या बाल्कनीतली माणसं माना वळवून पाहू लागली. जावयाच्या रिक्षाशी पोहोचलेली भिकुबाई थांबली. "मंग कोनता जोयजेत, मॅडम?"

मला तुमच्याशी बोलायला यायचंय. एवढंच म्हणायचं होतं. मॅडमनी समोरच्या बाल्कनीकडे पाहिलं.

"सुरमईतले," त्या म्हणाल्या.

"मंग त्या बी धाडसू," भिकुबाई हसून म्हणाली आणि रिक्षात बसली.