गच्चीवरचा पंचा

बाबा गेले आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद शमिकाच्या गळ्यात पडलं. दुसऱ्या कुणी हातच वर केला नाही. मे उजाडला, गच्चीवर वाळवणं आली, आणि तिच्या पहिल्याच मीटिंगला सखूकाकी ताट घेऊन हजर झाल्या.

"माझ्या आंबापोळीला जवळ्याचा वास लागलाय!"

"मग फुकटात चव आली की गो," जवळा वाळवणाऱ्या हफीजाचाची म्हणाल्या.

"हसू नको. तुझा जावई दुबईला निघाला की हीच पोळी बांधून देते बघ."

"दे. विमानात बाजूची सीट रिकामी मिळेल त्याला."

अध्यक्ष सर्वेशने मात्र नवंकोरं कुलूप टेबलावर ठेवलं. "गच्ची बंद. शमिकाताई, ठरावावर सही करा."

बाबांनी इतकी वर्षं उघडी ठेवलेली गच्ची तिच्या सहीने बंद होणार होती. तिने पेन खाली ठेवलं. "बाबांच्या वेळी वास कसा लागत नव्हता?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तूच सांग," काकी पुटपुटल्या.

"वर जुन्या अँटेनाच्या दांड्याला तुझ्या बाबांचा पंचा असायचा, बाय," चाची म्हणाल्या. "सकाळी वारा डोंगराकडून, दुपारी दर्याकडून. पंचा उडेल त्या बाजूला मासळी, उलट बाजूला पोळ्या. तो फिरला की आम्ही फिरायचो."

तो पंचा कावळे हाकलायला असेल, असं शमिकाला वाटलं होतं. बाबांचे दिवस झाल्यावर तिनेच तो सोडवला, धुतला, घडी करून कपाटात ठेवला.

"दुसरं फडकं मिळालं नाही?" सर्वेशने विचारलं.

"माझी ओढणी बांधली होती. ही म्हणते, तुझ्या ओढणीचं मी का ऐकू?"

"मग मला सांगायचं ना!" शमिका म्हणाली.

काकी ताटाकडे बघत राहिल्या. "छातीशी धरून जिना उतरलीस तू. परत कसा मागायचा गो?"

"त्यापेक्षा भांडण बरं," चाची म्हणाल्या.

शमिका घरी गेली. कपाटातल्या पंच्याला आता नुसता साबणाचा वास होता. तो घेऊन ती गच्चीवर आली, तर सगळी कमिटी आधीच वर पोचलेली.

"घट्ट बांध," ती दांड्याशी स्टुलावर चढताच काकींनी खालून सांगितलं. सर्वेशने कुलूप मुकाट्याने खिशात घातलं.

पंचा फडफडला आणि डोंगराकडे ताणला गेला. चाचींनी जवळ्याच्या चादरीचं एक टोक उचललं. काकींनी एका हाताने नाक धरलं, आणि दुसऱ्या हाताने दुसरं टोक.